खळ्यातल्या बैठकीसाठी बॅटरीवरचा स्पीकर: आधी अंतर, मग वॅट

तळकोकणात घरापुढच्या सारवलेल्या अंगणाला खळे म्हणतात. पावसाळा संपून खळे पुन्हा नीट केले की वाडीतली पंधरा-वीस माणसे संध्याकाळी तिथे बसून जुनी ध्वनिमुद्रणे ऐकतात. या बैठकीसाठी वीज असो वा नसो चालणारा आणि एका माणसाला उचलता येईल असा स्पीकर हवा होता. बॅटरीवर चालणारे ब्लूटूथ स्पीकर बाजारात ढिगाने मिळतात; तरीही तो घरी बनवायचे ठरवले, त्यामागे हौस होतीच, पण तांत्रिक कारणही होते. हातात मावणाऱ्या तयार स्पीकरचा कोन, म्हणजे हलून आवाज काढणारा शंकूसारखा पडदा, लहान असतो आणि त्यातून खालचे स्वर काढण्यासाठी आतले इलेक्ट्रॉनिक्स त्या स्वरांना बरीच उचल देते. आवाज वाढवत नेला की ही उचल त्या लहान कोनाला पेलत नाही, म्हणून ती आपोआप कमी केली जाते, आणि खोलीत भरदार वाटणारा डग्गा उघड्यावर नुसता टकटकतो. शिवाय त्याची बॅटरी दमली की ती बदलण्याची सोय बहुधा नसते.

खोलीत आपण स्पीकरचा आवाज जितका ऐकतो, तितकाच भिंती, छत आणि फरशी यांवरून परतलेला आवाजही ऐकत असतो. उघड्यावर ही उसनवारी बंद होते. जे काही येते ते थेट स्पीकरमधून येते, आणि अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने उतरते. हा एकच नियम कागदावर मांडला की स्पीकरची निम्मी रचना ठरून जाते, म्हणून माझा आग्रह असा की वॅट, बॅटरी, ब्लूटूथ यांचा विचार करण्याआधी शेवटचा श्रोता किती दूर बसणार आहे हे टेपने मोजावे. आमच्या खळ्यात ते अंतर ८ मीटर भरते.

एक मीटरवर साधे बोलणे साधारण ६० डेसिबल असते. रातकिडे, वारा आणि अधूनमधून रस्त्यावरून जाणारी गाडी यांच्यावर गाणे सुखाने ऐकू यावे, पण शेजाऱ्याच्या कानात हळूच बोलताही यावे, यासाठी ८ मीटरवर सरासरी ७२ डेसिबल मला पुरेसे वाटले. एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ असे अंतर तीनदा दुप्पट होते, म्हणजे १८ डेसिबल वाटेत जातात. तेव्हा स्पीकरपासून १ मीटरवर सरासरी ९० डेसिबल हवेत. पण संगीत सरासरीवर चालत नाही. तबल्याची थाप किंवा टाळाचा ठोका सरासरीच्या बराच वर जातो. त्यासाठी १५ डेसिबलची जागा राखून ठेवली तर क्षणिक गरज १०५ डेसिबलची होते.

आता स्पीकरकडे वळू. प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या माहितीपत्रकात सेन्सिटिव्हिटी दिलेली असते, म्हणजे १ वॅट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल मिळतात तो आकडा. घरगुती संगीतासाठीच्या लहान कोनांचा हा आकडा ८५च्या आसपास असतो, आणि सभा-समारंभांच्या ध्वनिक्षेपणासाठी बनवलेल्या ८ इंची कागदी कोनांचा ९४च्या आसपास. नऊ डेसिबलचा फरक कागदावर क्षुल्लक दिसतो, पण शक्तीच्या भाषेत तो आठपट आहे. ९४ डेसिबलच्या स्पीकरला ९० डेसिबलच्या सरासरीसाठी ०.४ वॅट आणि १०५च्या शिखरासाठी जेमतेम १३ वॅट लागतात. तेच काम ८५ डेसिबलच्या स्पीकरकडून करून घ्यायचे तर सरासरी ३ वॅटच्या थोडी वर जाते आणि शिखरासाठी १०० वॅट मोजावे लागतात. खोक्यांवर मोठ्या अक्षरांत छापलेल्या हजारो वॅट पीएमपीओच्या, म्हणजे क्षणभराच्या फुगवलेल्या कमाल शक्तीच्या, आकड्यांवर म्हणूनच माझा विश्वास नाही. स्पीकरने किती वॅट खाल्ले यापेक्षा त्यातून आवाज किती निघाला हे महत्त्वाचे. ९४ डेसिबलचा स्पीकरसुद्धा विजेपैकी फक्त दीड टक्क्याच्या आसपास भागाचा ध्वनी करतो, बाकी सगळी उष्णता. ८५ डेसिबलवाला तर टक्क्याचा पाचवा हिस्साच ध्वनीत बदलतो.

इथपर्यंत आल्यावर कोणालाही वाटेल की सेन्सिटिव्हिटीचा फायदा म्हणजे बॅटरी जास्त वेळ टिकणे. ते खरे आहे, पण मोठा फायदा दुसराच आहे. सरासरी खप दोन्ही बाबतींत तसा कमीच. खरी अडचण व्होल्टची होते. ब्रिज पद्धतीच्या (स्पीकरची दोन्ही टोके उलट दिशांनी चालवणाऱ्या) अँप्लिफायरमधून मिळणारी कमाल शक्ती ढोबळमानाने काढायची तर पुरवठ्याच्या व्होल्टचा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ओहमच्या दुपटीने भागावे. १२.८ व्होल्टच्या बॅटरीवर ८ ओहमच्या स्पीकरला १० वॅट मिळतात, त्यातूनही थोडे अँप्लिफायर स्वतःकडे ठेवतो. म्हणजे १३ वॅटसाठीही १२ व्होल्टची नेहमीची बॅटरी तोकडी पडते, आणि १०० वॅट हवे असतील तर ८ ओहमला ४० व्होल्ट लागतात. स्पीकर ४ ओहमचा घेतला तरी २८ व्होल्टच्या खाली भागत नाही. हौशी मंडळींत सर्वाधिक वापरली जाणारी टीपीए३११६ ही टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची क्लास-डी (वीज झपाट्याने चालू-बंद करून उष्णता कमी ठेवणारी) अँप्लिफायर चिप ४.५ ते २६ व्होल्टपर्यंत चालते. कमी सेन्सिटिव्हिटीचा स्पीकर निवडला की आपण त्या मर्यादेबाहेर जातो आणि मग व्होल्ट वाढवणारे सर्किट, त्याचा गोंगाट, त्याची उष्णता असे एकामागून एक सामान वाढत जाते.

मी सहा पेशी (सेल) एकामागे एक जोडलेला लिथियम आयर्न फॉस्फेटचा संच घेतला. या रसायनाच्या एका पेशीचे नाममात्र व्होल्ट ३.२, म्हणून सहांचे १९.२, पूर्ण चार्ज झाल्यावर ते २१.९ होतात आणि चिपच्या मर्यादेच्या सुरक्षितपणे आत राहतात. ८ ओहमला त्यातून २३ वॅटपर्यंत शक्ती मिळते, म्हणजे १३ वॅटच्या गरजेवर हात राखून. मोबाईल-लॅपटॉपमध्ये असते ती साधी लिथियम-आयन पेशी त्याच वजनात जास्त ऊर्जा साठवते हे मान्य, पण ती बिघडली तर पेट घेण्याचा धोका अधिक. फॉस्फेटची पेशी त्या मानाने शांत स्वभावाची आहे आणि दोन हजारांच्या आसपास वेळा भरून-रिकामी करता येते. लाकडी पेटीत, लहान मुलांच्या शेजारी ठेवायच्या वस्तूसाठी मला दुसरा पर्याय पटला नाही. इन्व्हर्टरसारख्या शिसे-आम्लाच्या १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाच्या बॅटरीचा विचार केला होता. ती स्वस्त आणि तालुक्याच्या गावीही मिळणारी, परंतु दोन किलोंहून जड असते आणि निम्म्याहून जास्त रिकामी करत राहिले तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते.

६ अँपिअर-तासाच्या पेशींचा हा संच ११५ वॅट-तासांचा होतो. गाण्यासाठी सरासरी अर्धा वॅट, अँप्लिफायरला नुसते जागे राहायला साधारण एक वॅट, ब्लूटूथ आणि इतर वाया जाणारे मिळून आणखी थोडे, असा सगळा खप ३ वॅटच्या आत बसतो. संचातली ८० टक्केच ऊर्जा वापरायची म्हटली तरी तीसेक तास होतात. या हिशेबात एक गंमत आहे: गाण्यापेक्षा अँप्लिफायर जागा ठेवण्यावर जास्त वीज जाते. त्यामुळे जुन्या धाटणीच्या क्लास-एबी अँप्लिफायरचा आवाज कितीही गोड असला तरी बॅटरीवर तो परवडत नाही, कारण हळू आवाजात त्याची कार्यक्षमता फारच खाली येते.

संच तयार घेतला. पेशींवर थेट डाग (सोल्डर) देऊ नये, त्या स्पॉट वेल्डिंगनेच जोडाव्यात, आणि ते यंत्र माझ्याकडे नाही. फॉस्फेटच्या सहा पेशींसाठीचे बीएमएस, म्हणजे पेशींना जास्त भरण्या-उतरण्यापासून जपणारे सर्किट, त्यात असायलाच हवे. लिथियम-आयनचे बीएमएस किंवा चार्जर इथे चालत नाही, कारण सहा पेशींचा तो चार्जर २५.२ व्होल्टपर्यंत नेतो. धन टोकाच्या अगदी जवळ ५ अँपिअरचा फ्यूज बसवला. पुष्कळ जण पेटीवर छोटा व्होल्टमीटर लावतात. फॉस्फेटच्या बाबतीत तो फसवा ठरतो, कारण बॅटरी जवळजवळ भरलेली असो की बरीच उतरलेली, व्होल्ट फारसे हलत नाहीत आणि शेवटी एकदम कोसळतात. आणखी एक गोष्ट सौर पॅनलवर चार्ज करू पाहणाऱ्यांसाठी: १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे पॅनल काम करताना साधारण १८ व्होल्ट देते, आणि या संचाला २१.९ लागतात. व्होल्ट चढवणारा कंट्रोलर नसेल तर संच कधीच पुरता भरणार नाही.

पेटीच्या बाबतीत एक जुना नियम सगळ्यांना वाकवतो. अमेरिकेतल्या केएलएच कंपनीच्या संस्थापकांपैकी एक, जे. अँटन हॉफमन, यांच्या नावाने तो ओळखला जातो: लहान पेटी, खालपर्यंत जाणारा बेस आणि उच्च कार्यक्षमता, यांपैकी कोणत्याही दोनच गोष्टी मिळतात. कार्यक्षमता मी आधीच पक्की केली होती, पेटी हातात उचलायची होती, तेव्हा बेसवर पाणी सोडणे भागच होते; किती सोडायचे एवढाच प्रश्न उरला. त्याचे उत्तर मी तंबोऱ्यात शोधले. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य सप्तकातला षड्ज साधारण १३९ हर्ट्झला असतो आणि त्याच्या तंबोऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, ६९ हर्ट्झला. ही तार पुरती ऐकू आली तर माझ्या संग्रहातल्या ध्वनिमुद्रणांसाठी त्याखाली जाण्याची गरज नाही. चित्रपटांतले स्फोट किंवा नाचाचे संगीत हवे असलेल्याचे उत्तर अर्थातच वेगळे येईल.

ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि त्यांच्यामागून रिचर्ड स्मॉल यांनी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला स्पीकर व पेटी यांचे गणित इतके सुटसुटीत मांडले, की आज माहितीपत्रकातल्या तीन आकड्यांवरून पेटी ठरवता येते. माझ्या स्पीकरचा नैसर्गिक कंप ६२ हर्ट्झ, एकूण क्यू (कोनाचा कंप किती लवकर शमतो ते सांगणारा आकडा) ०.३८ आणि कोनाच्या लवचिकतेशी तुल्य असे हवेचे आकारमान २५ लिटर. २० लिटरच्या पूर्ण बंद पेटीत तो बसवला तर आवाज १२० हर्ट्झलाच ३ डेसिबलने खाली येतो, म्हणजे खर्ज तर गेलाच, गायकाचा मध्य षड्जही उतरणीच्या तोंडाशी. त्याच पेटीला ६० हर्ट्झवर जुळवलेली नळी बसवली की ही मर्यादा ६५ हर्ट्झच्या आसपास उतरते. ७ सेंटीमीटर आतील व्यासाचा, ११ सेंटीमीटर लांबीचा पीव्हीसी पाइपचा तुकडा एवढेच त्या नळीचे भांडवल, आणि तो कोणत्याही नळकाम साहित्याच्या दुकानात मिळतो. तोंड अरुंद घडा फुंकल्यावर ज्या तत्त्वाने घुमतो, तेच तत्त्व इथे आहे.

नळीच्या पेटीचा एक दोष आहे. जुळवलेल्या कंपाच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही आणि तो निष्कारण मागेपुढे हेलकावतो. त्यावर स्वस्त उपाय अँप्लिफायरच्या दारातच आहे. टीपीए३११६चा गेन (सिग्नल किती वाढवायचा ते प्रमाण) २६ डेसिबलवर ठेवला की त्याचा प्रवेशरोध, म्हणजे इनपुटचा रोध, ३० किलोओहम असतो. बोर्डावर १ मायक्रोफॅरडचे इनपुट कपॅसिटर असतील, तर ते दोन्ही काढून ०.१ मायक्रोफॅरडचे बसवले की ५३ हर्ट्झच्या खाली हळूहळू उतार पडतो. उतार सौम्य आहे, पण हेलकावे आटोक्यात येतात.

आतील माप ३६ × २६ × २५ सेंटीमीटर ठरले. त्याचे २३ लिटर होतात. त्यातून स्पीकरचा मागचा भाग, नळी आणि बॅटरीचा स्वतंत्र कप्पा वजा केला की २० उरतात. लाकडाच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. एमडीएफ कापायला सोपे आणि ध्वनीला चांगले, पण कोकणच्या पावसाळ्यात ते पापडासारखे फुगते. आयएस ७१० छापाचे १२ मिलिमीटर मरीन प्लायवूड घेऊन वाडीतल्या मेस्त्रींकडून ते काटकोनात कापून घेतले. नुसती पेटीच साडेचार किलोंच्या आसपास भरते. जोड पाण्याला टिकणाऱ्या गोंदाने चिकटवून, आतून पट्ट्या मारून, कडांना तेलरंगाचे दोन हात जास्त दिले, कारण प्लायवूडमध्ये ओल शिरते ती कडेतून. स्क्रू स्टेनलेस स्टीलचे. खाऱ्या हवेत साध्या स्क्रूंचे काय होते हे इकडच्या कोणालाही सांगायला नको. बॅटरीचा कप्पा मुख्य पेटीपासून हवाबंद वेगळा ठेवला आणि तारा जातात ती भोके सिलिकॉनने बुजवली; पेटीतून हवा कुठूनही निसटली तर नळीचे गणित बिघडते आणि फुसफुस ऐकू येते. नळीच्या तोंडाला स्टीलची विरळ जाळी लावली, ती कुंभारमाशीसाठी. तयार मिळालेली, कोरडी, आडोशाची नळी पाहून तिने आत मातीचे घर बांधले नाही तरच नवल.

आठ इंची कोन दोन हजार हर्ट्झच्या वर आवाज समोर चिंचोळा करून फेकतो, आणि खळ्यात माणसे अर्धवर्तुळात पसरून बसतात, म्हणून वरच्या स्वरांसाठी वेगळा हॉर्न ट्विटर (भोंग्याच्या तोंडाचा लहान स्पीकर) आवश्यक झाला. पायझो ट्विटर फार स्वस्त मिळतो आणि त्याला क्रॉसओव्हरही (खालचे आणि वरचे स्वर वेगळे करणारे सर्किट) लागत नाही. पण त्याची कर्कश धार स्त्री-आवाजाच्या तार सप्तकात मला सहन झाली नाही. अडीच हजार हर्ट्झवर दोन्ही शाखांत १ मिलिहेन्रीची कॉइल आणि ४ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असा दुसऱ्या श्रेणीचा क्रॉसओव्हर केला. या प्रकारात ट्विटरची टोके उलटी जोडावी लागतात, नाहीतर नेमक्या सांध्यावर आवाजात खड्डा पडतो. हॉर्नची सेन्सिटिव्हिटी कोनापेक्षा बरीच जास्त असल्याने त्याला रोधकांनी खाली आणले.

स्पीकर एकच आहे, स्टिरिओ नाही. उघड्यावर पसरून बसलेल्यांपैकी मधोमध बसलेल्या एक-दोघांनाच स्टिरिओचा खरा लाभ होतो, आणि मी ऐकतो ती बरीचशी मुद्रणे मुळातच एकपदरी (मोनो) आहेत. ब्लूटूथ मॉड्यूलच्या डाव्या आणि उजव्या तारा थेट एकत्र जोडू नयेत. प्रत्येकीत १ किलोओहमचा रोधक घालून मगच जोडाव्यात. त्याहून त्रासदायक बाब म्हणजे मॉड्यूल आणि अँप्लिफायर एकाच बॅटरीवर चालवले की गाण्यामागे बारीक चिरका आवाज ऐकू येऊ लागतो. वायर बदलून, कवच घालून तो सहसा जात नाही. मॉड्यूलचा ५ व्होल्टचा पुरवठा बी०५०५एस सारख्या विलग करणाऱ्या (आत-बाहेरच्या विजेचा थेट संबंध तोडणाऱ्या) छोट्या कन्व्हर्टरमधून दिला की तो थांबतो. हे सुटे भाग मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत शंभर-दोनशे रुपयांत मिळतात.

नळी नीट जुळली की नाही हे पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. मोबाईलवर शुद्ध स्वर काढणारे अॅप घेऊन १०० हर्ट्झपासून हळूहळू खाली येत कोनाकडे पाहावे, बोटाने हलके चाचपावे. जुळलेल्या कंपावर कोन जवळजवळ थांबतो आणि नळीच्या तोंडाशी धरलेला हात वाऱ्याने गार होतो. हा बिंदू ६०च्या वर आला तर नळी थोडी लांब करायची, खाली आला तर आखूड. नळी आधी लांब कापून मग तासत यावे, एवढे व्यवहारज्ञान पुरते.

पेटी कुठे ठेवायची यावर फुकटचे डेसिबल अवलंबून असतात. पुढची फळी २८ सेंटीमीटर रुंद असल्यामुळे साधारण ४०० हर्ट्झच्या खालचा आवाज पुढे न जाता चहूकडे पसरतो, आणि मोकळ्या मैदानात मधोमध स्टुलावर ठेवलेला स्पीकर त्यामुळे पातळ वाटतो. तीच पेटी पडवीच्या भिंतीला पाठ लावून जमिनीलगत ठेवली की हा पसरलेला आवाज पुन्हा श्रोत्यांकडे वळतो आणि खर्ज लगेच भरून येतो. पण जमिनीवर ठेवल्यास पुढच्या रांगेच्या पाठी ट्विटरला अडवतात. म्हणून पेटीखाली पुढच्या बाजूने पाचर घालून ती मागे कलती ठेवतो, म्हणजे हॉर्न बसलेल्या माणसांच्या डोक्यावरून मागच्या रांगेच्या कानांकडे बघतो.

अंतराचा तोच नियम शेजाऱ्यांसाठीही वापरता येतो. आठ मीटरवरचे ७२ डेसिबल ६४ मीटरवर ५४ होतात. ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांनुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ आहे आणि रात्री १० नंतर ती ४५वर येते. आमच्या वाडीत घरे विरळ असल्याने दिवसा हे जमते. शहरातल्या गच्चीवर हाच स्पीकर वापरणाऱ्याने ७२चा आकडा आधी खाली आणावा आणि मग वरचा सगळा हिशेब नव्याने मांडावा. त्याला कदाचित निम्म्या आकाराची पेटी आणि चारच पेशी पुरतील. मी आवाजाच्या बटणावर ७२ डेसिबलची जागा रंगाच्या ठिपक्याने दाखवली आहे, आणि बटण त्यापुढे जाऊ नये म्हणून पेटीच्या आत मालिकेत एक रोधक घातला आहे. वाडीतल्या पोरांनी तो अजून शोधलेला नाही.